काकींचा पाण्याखालचा विमा

काकी मिरची कुटायला बसत तेव्हा तोंडावर पाणबुड्याचा चष्मा चढवत. नाकासकट डोळे झाकणारा, काळ्या रबराचा, मागं पट्टा असलेला. तोंडाला ओला रुमाल. डंकाच्या, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्राच्या खोलीत तिखटाचा धुरळा उडत असायचा, बाहेर रांगेतल्या बायका पदर नाकाला लावून शिंकत असायच्या आणि आत काकी शांतपणे मिरची वरखाली करत असायच्या. कुणी हसलं तर रुमाल खाली ओढून म्हणायच्या, "हसतीस काय? ये की आत चष्म्याबिगर."

त्यांच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहायचे. मी मूळची जळगावकडची. विमा कंपनीच्या कोल्हापूरच्या ऑफिसात नोकरी लागली आणि मंगळवार पेठेतली ही जागा मिळाली. खाली गिरणी सुरू झाली की माझी फरशी थरथरायची, कपाटातल्या बांगड्या वाजायच्या. पहिल्याच आठवड्यात मी तक्रार घेऊन खाली गेले. काकींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सवय हुईल. न्हाय झाली तर सांग, मी दुसरी खोली बघून देतो." बाई असून 'देतो' का म्हणते हे मला कळेना. पुढं कळलं की इथं बायका अशाच बोलतात. मी येतो, मी जातो, मी करतो. काकींच्या तोंडी ते इतकं शोभायचं की त्या वेगळं काही बोलल्या असत्या तर विचित्र वाटलं असतं.

साठीला टेकलेल्या, अंगानं भरलेल्या, हाताला कायम पीठ लागलेल्या या बाई समुद्राच्या तळाशी जातात, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी कुणाला खरं वाटत नव्हतं. माहेर गारगोटीकडचं. लहानपणी तिथल्या विहिरीत पोहायला शिकलेल्या. लग्न झालं आणि पोहणं संपलं. नवरा गेला तेव्हा मुलगा शाळेत होता. गिरणी विकून टाक असं सगळ्या भावकीनं सांगितलं, काकींनी ती चालवून दाखवली. मुलगा शिकला, पुण्यात नोकरीला लागला, त्याचा संसार झाला. मग एकदा भिशीच्या बायकांबरोबर काकी मालवणला गेल्या. तिथं पाठीला हवेची टाकी बांधून मासे दाखवायला पाण्याखाली नेतात. बाकीच्या बायका खाली गेल्या तशा वर आल्या. काकींना वर आणायला दुसरा माणूस पाठवावा लागला. परतीच्या बसमध्ये त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत, असं त्यांच्या मैत्रिणी सांगायच्या. पुढच्याच महिन्यात त्या डॉक्टरचा दाखला घेऊन रीतसर शिकायला परत मालवणला गेल्या.

खाली असतं काय, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. मला वाटलं, मासे, प्रवाळ असं काही सांगतील.

"आवाज न्हाय," त्या म्हणाल्या. "आन कुणी हाक मारत न्हाय."

एकट्यानं पाण्याखाली जायचं नसतं, जोडीदार लागतो. काकींनी जोडीदार निवडला तो त्यांच्या गिरणीचा फिटर. पट्टे बदलणं, जात्याचे दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावणं, मोटार जळली की उघडून बसणं ही त्याची कामं. चाळिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा मुसलमान माणूस. घरी बायको आणि दोन मुली. रंकाळ्यात लहानपणापासून पोहलेला. त्याला समुद्राची हौस होती असं नाही. काकी म्हणाल्या म्हणून तो गेला, आणि गेल्यावर त्यालाही ते वेड लागलं. थंडी सुरू झाली की दोघं त्याच्या जुन्या गाडीतून मालवणला जात ते उन्हाळ्यापर्यंत. त्याला पेठेत सगळे नावानं हाक मारत, काकी मात्र फिटरच म्हणायच्या.

पाण्याच्या बाबतीत काकींचे नियम फार कडक होते. त्यातला एक तर चेष्टेचा विषय झाला होता. पाण्याखालून वर आलं की त्या दिवशी घाट चढायचा नाही. घाटाखाली कणकवलीत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर फोंडा घाटानं निघायचं. रांगेतल्या बायकांना त्या हे सोड्याच्या बाटलीवरून समजावत. खोल पाण्यात दाबामुळं हवा अंगात मुरते. हळूहळू वर आलं, थांबलं, तर ती गुपचूप निघून जाते. घाईनं वर आलं, किंवा लगेच घाट चढून उंचावर गेलं, तर बाटलीचं झाकण उडवल्यासारखी आतल्या आत फसफसते. मग सांधे धरतात, कधी माणूस जागेवर बसतो. बायका मान हलवत आणि पाठ वळली की हसत. फिटरच्या बायकोला तर हे कारण पटायलाच फार दिवस लागले. नवरा घाटाखाली का राहतो, तर म्हणे अंगातली हवा जायची आहे.

विम्याचा विषय निघाला तो मालवणलाच. तिथल्या शिकवणाऱ्या मुलानं काकींना विचारलं की तुमचा विमा आहे का. काकी म्हणाल्या, हाय की, दरवर्षी भरतो. घरी येऊन त्यांनी आपली आरोग्य विम्याची पॉलिसी माझ्यासमोर ठेवली आणि वाच म्हणाल्या. मी वाचली. साहसी खेळांत झालेली इजा भरून मिळणार नाही असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि खेळांच्या नावांत पाण्याखाली जाणं होतं.

"म्हंजे न्हाणीत पाय घसरला तर देणार," काकी म्हणाल्या, "आन समुद्रात काय झालं तर हात वर."

मी म्हटलं, बरोबर.

"मग येवढी वर्सं मी न्हाणीत पडायचा विमा भरतोय व्हय?"

पाणबुड्यांसाठी वेगळा विमा असतो हे मलाही तेव्हाच शोधून कळलं. पुढचा आठवडाभर गिरणीत दुसरा विषय नव्हता. दळणाचे डबे घेऊन उभी असलेली सगळी रांग मत द्यायची. मोटारसायकलला विमा लागतो, मग माणसाला का नको, असं एक जण म्हणे. दुसरी म्हणे, विमा काढणं म्हणजे आपणहून वाईट चिंतणं. जोतिबाच्या डोंगराखालच्या गावातून मिरची घेऊन आलेले एक आजोबा सगळं ऐकून घेऊन म्हणाले की समुद्रात जाऊच नका, विमा वाचला. त्यावर काकी इतक्या हसल्या की त्यांना मोटार बंद करावी लागली.

मुलाशी मात्र हसण्यावारी गेलं नाही. त्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते, फोन स्पीकरवर होता. आईचं पाण्याखाली जाणं त्याला सुरुवातीपासून मान्य नव्हतं. वडील अचानक गेलेले त्यानं पाहिले होते आणि आईच्या बाबतीत तो कायम धास्तावलेला असे. विम्याचं ऐकून तो आणखीच बिथरला.

"आई, विमा काढलास की तुला वाटेल आता सगळं सुरक्षित आहे," तो म्हणाला. "मग अजून खोल जाशील. नाही काढलास तर निदान भीती तरी राहील."

"भीती वाटत असती तर तुझ्या बापाच्या मागं ही गिरणी चालवली असती व्हय मी?" काकींनी विचारलं आणि फोन ठेवला. मग माझ्याकडं वळल्या. "तू सांग. तुझं तेच काम हाय."

मी जे ऑफिसात सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. विम्यानं काही व्हायचं थांबत नाही. झालं तर फोन उचलायला कुणी तरी असतं आणि खर्च कुणी तरी करतं. अंगात हवा फसफसली तर माणसाला एका लोखंडी टाकीत ठेवून पुन्हा दाब द्यावा लागतो, तशी टाकी कोल्हापुरात नाही, गोव्याला किंवा मुंबईला न्यावं लागतं, हेही सांगितलं. काकी बोटांवरचं पीठ खरवडत बसल्या. शेवटी म्हणाल्या की त्यांना स्वतःला काही गरज नाही, त्यांचं वय झालं, पण फिटरला दोन मुली आहेत, त्यानं काढलाच पाहिजे. फिटरला बोलावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "काकी काढत असतील तर मी बी काढतो."

असा तो प्रश्न सुटला. फिटरनं काढावा म्हणून काकींनी काढला.

अर्ज भरायला मीच बसले. आधीचा काही आजार? काय न्हाय. गुडघे दुखतात ना? ते आजार हाय व्हय, ते वय हाय. वारस म्हणून मुलाचं नाव दिलं. इंग्रजी मेसेज वाचता येत नाहीत म्हणून फोन नंबर माझा दिला. कार्ड आलं तेव्हा त्यांनी ते पिशवीत जपून ठेवलं आणि फिटरला त्याच्या कार्डावरचा तातडीचा नंबर पाठ करायला लावला. मुंगी चावल्यागत जरी वाटलं तरी फोन करायचा, असं बजावलं. एकदा मालवणहून आल्यावर फिटरचा कान ठणकायला लागला. तो म्हणे होईल बरा. काकींनी त्याचा फोन काढून घेतला, तो नंबर स्वतः लावला आणि पलीकडच्या डॉक्टरला आपल्या हिंदीत असं काही झापलं, जणू कान त्यानंच दुखवला होता. डॉक्टरनं शांतपणे सगळं विचारून घेतलं. साधी सूज निघाली. फिटर आठवडाभर तोंड लपवत फिरला. काकी मात्र रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होत्या की विमा असावा तर असा, फोन लगेच उचलत्यात.

मुलाची कटकट नको म्हणून पुढं कधी तरी काकींनी त्याला सांगून टाकलं की पाण्यात जायचं सोडलं. त्यालाही ते ऐकायचंच होतं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मग तो उन्हाळा आला. पावसाळ्यात समुद्र बंद होण्याआधीची ती शेवटची खेप होती. बोट किनाऱ्यापासून बरीच आत गेली होती, आणि दोघं लागोपाठ दोनदा खोल उतरली होती. वर येऊन काकींनी फोन पाहिला तर मुलाचे फोन येऊन गेलेले. नातीला सुट्टी लागली, उद्या सकाळी सगळे दिवसभरासाठी कोल्हापूरला येतोय, पोरगी आजीचा जप करतेय, असा निरोप होता. हे सगळं मला पुढं फिटरनं सांगितलं. तो म्हणाला, काकी, कणकवलीला राहूया, घरी सांगा की माहेरी गारगोटीला आहे. काकी म्हणाल्या, नात येणार आणि मी घरात नाही, असं कसं. दुपारी उशिरा दोघं निघाली आणि अंधार पडायच्या आत फोंडा घाट चढून वर आली. फिटरनं गाडी जमेल तेवढी हळू चालवली. त्यानं उपाय काय होणार होता? उंची तर तेवढीच चढायची होती. दाजीपूरच्या जंगलात काकी खांदा चोळायला लागल्या. काय होतंय विचारलं, तर बसून अंग आखडलंय म्हणाल्या. राधानगरीजवळ तो चहाला थांबला तेव्हा त्या खाली उतरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलगा, सून, नात सकाळीच आली. खालून हसण्याचे आवाज येत होते, आंबोळ्यांचा वास येत होता. मी काही तरी द्यायला खाली गेले तर काकी भिंतीला हात लावत चालत होत्या. गुडघे दुखतायत का, मी विचारलं. व्हय, वय झालं, त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात आंबोळीची ताटली दिली. त्यांचा चेहरा ओढलेला होता, पण नात कमरेला मिठी मारून होती आणि त्या तिच्याकडं बघून हसत होत्या. जेवणं झाली. तीनेक वाजता पाहुणे निघाले. काकी गिरणीच्या दारात शटर धरून उभ्या राहिल्या, गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होत्या. मी जिन्यात होते. गाडी वळली आणि त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. मला हाक मारली, पण मोठ्यानं नाही. ज्या बाईची हाक चौकापर्यंत जायची, तिची ती हाक मला जेमतेम ऐकू आली.

"पोरी, मला पाय कुठं हायत ते कळंना झालंय."

मी पिशवीतून कार्ड काढलं आणि तो नंबर लावला. लगेच उचलला. डॉक्टरनं विचारलं, पाण्यातून वर कधी आल्या, त्रास कधी सुरू झाला. मी तेच काकींना विचारलं. त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "काल. घाटात." फिटर धावत आला होता. ते ऐकून तो गव्हाच्या पोत्यावर बसला आणि उठेचना.

आधी जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं अर्धांगाचा झटका असेल म्हणाले. विम्याच्या डॉक्टरनं फोनवर त्यांना समजावलं, ऑक्सिजन लावायला लावला, गोव्याच्या इस्पितळात टाकीची सोय करून ठेवली, रुग्णवाहिका बोलावली. एका फोनवर इतकं सगळं झालं. घाट उतरताना मी त्यांचा हात धरून बसले होते. लघवी कळत नाही म्हणून त्या फार लाजत होत्या. पायांपेक्षा त्यांना त्याचं जास्त वाटत होतं.

पुढचे काही दिवस त्यांना रोज त्या टाकीत ठेवत. मी काचेतून बघायचे, त्या छताकडं बघत पडलेल्या असायच्या. थोडा फरक पडला. एका पायाचा अंगठा हलायला लागला, कमरेखाली कुठं कुठं स्पर्श कळायला लागला. मग तेही तिथंच थांबलं. शेवटी तिथल्या डॉक्टरनं मला बाजूला बोलावलं. त्याच दिवशी आणलं असतं तर, एवढंच तो म्हणाला. पुढचं त्याला सांगावं लागलं नाही.

क्लेम मीच भरला. कागद मागितले, दिले, मंजूर झाला. टाकी, औषधं, रुग्णवाहिका, सगळं. इतकी वर्षं विम्यात काढली, पण इतका सरळ मिटलेला क्लेम मी पाहिला नव्हता. मंजुरीचं पत्र वाचताना मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

पहिल्या दिवशी मुलगा गोव्याला पोचला तेव्हा इस्पितळाच्या व्हरांड्यात माझ्यासमोर उभा राहिला. "तुम्ही तिला विमा काढून दिला नसता तर ती पाण्यात गेलीच नसती," तो म्हणाला. विम्याच्या आधीही त्या जात होत्या, हे त्याला माहीत होतं. मग तो भिंतीकडं वळला आणि म्हणाला की काल दिवसभर ती माझ्यासमोर चालत होती, मला आंबोळ्या करून वाढत होती.

काकींना पुण्याला नेलं. गिरणी बंद झाली. यंत्रं विकली तेव्हा ती उलगडायला फिटरलाच बोलावलं, कारण दुसऱ्या कुणाला ती माहीत नव्हती. त्यानं दिवसभर एकट्यानं नट ढिले केले. त्याच्या विम्याची मुदत संपत आली तेव्हा मी त्याला विचारलं. त्यानं नको म्हणून मान हलवली. तो पुन्हा पाण्यात उतरला नाही. मुलींना पोहायला शिकवायचं म्हणत होता, तेही राहिलं. मीही त्या खोल्या सोडल्या. खाली आवाज नसताना तिथं झोप येईना.

पुण्यात काकी सातव्या मजल्यावर राहतात. मुलगा, सून त्यांचं सगळं मनापासून करतात. बाई ठेवली आहे, खुर्ची चांगली आणली आहे. पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या, हात स्वच्छ होते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. सून चहा करायला आत गेली तेव्हा मी विचारलं. फिटरचा कान दुखला तर तुम्ही डॉक्टरला झापलंत, कार्ड तुमच्या पिशवीत होतं, घाटात कळलं होतं, मग का बोलला नाहीत? मुलाला कळेल म्हणून?

"त्ये हुतंच," त्या म्हणाल्या. "तू विचारलंस की गं. फिटरनं बी विचारलं. पण तुमी आत्ता विचारलासा. आधी येवढी वर्सं कुणी विचारलं न्हाय. मग दुखतंय म्हणायला तोंडाला वळणच ऱ्हायलं न्हाय."

सून चहा घेऊन आली आणि काकींनी विषय बदलला. मी निघताना त्यांना सांगितलं की विम्याचं नूतनीकरण आलं आहे, माझ्या फोनवर मेसेज येतायत, बंद करू ना. मला वाटलं, त्या हो म्हणतील. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "आता पाण्यात कोण जाणार हाय," त्या म्हणाल्या. "पण बंद करू नको बघ. बंद केलं की संपलंच." मी मुलाला न सांगता तो चालू ठेवला. सातव्या मजल्यावर खुर्चीत बसलेल्या बाईचा समुद्रातल्या अपघाताचा विमा वर्षभर चालू होता. विम्याच्या धंद्यात याला काय म्हणतात मला माहीत नाही.

यंदा पुन्हा मेसेज आला. मी पुण्याला फोन केला. काकी नातीच्या शाळेचं बोलल्या, लिफ्ट सारखी बंद पडते ते बोलल्या. मी कसं विचारावं या विचारात होते.

"त्यो मेसेज आला असंल न्हवं?" त्यांनीच विचारलं.

मी हो म्हटलं.

"ऱ्हाऊ दे या खेपेला, भरू नको," त्या म्हणाल्या आणि फोन सुनेच्या हातात दिला.